काळ ओलांडून जोड लावताना : हेवीवेट जगज्जेत्यांची काल्पनिक लढत कशी मांडावी

सांगलीत दोन माणसे मारुती माने आणि आजचा एखादा पैलवान यांची कुस्ती मनातल्या मनात लावू लागली, की शेजारी बसलेला तिसरा हमखास विचारतो : मातीवर की गादीवर? हा प्रश्न आपल्याकडे कोणाला शिकवावा लागत नाही. हीच माणसे बॉक्सिंगकडे वळली की मात्र हा प्रश्न विसरतात. डेम्प्सी आणि टायसन, अली आणि लेनॉक्स लुईस, मार्सियानो आणि आजचा कोणी धिप्पाड विजेता अशा जोड्या लावताना तारीख, नियम, वजन यांतले काहीही न ठरवता ती थेट निकालावर येतात, आणि नंतर तासभर आवाज चढवून त्या निकालाला कारणे शोधतात. विश्रामबागेतील आमच्या संध्याकाळच्या बैठकीत अशा लढती वहीत मांडून ठेवण्याची पद्धत गेली काही वर्षे आहे. त्या वहीतील बहुतेक खोडाखोड पायऱ्यांचा क्रम चुकल्यामुळे झालेली आहे, माहिती कमी पडल्यामुळे क्वचितच.

म्हणून हा क्रम सविस्तर लिहीत आहे. उदाहरणासाठी शेवटपर्यंत एकच जोड धरली आहे : १९३० च्या दशकातला अमेरिकन जगज्जेता जो लुई विरुद्ध २०२० च्या दशकातला युक्रेनियन जगज्जेता ओलेक्सांद्र उसिक. ही जोड निवडण्याचे कारण असे, की दोघांच्या उंचीत फारसा फरक नाही, दोघांच्याही लढतींचे पूर्ण चित्रण पाहता येते, आणि तरीही नियम बदलले की निकाल डळमळतो.

## तयारी : वही, चित्रफिती आणि एक चिठ्ठी

दुरेघी वहीची समोरासमोरची दोन पाने घ्यावीत. डावे पान एकाचे, उजवे दुसऱ्याचे. एका पानावर दोघांची माहिती लिहू लागल्यास हात आवडत्या माणसाकडे झुकतो आणि त्याचा रकाना दुसऱ्यापेक्षा लांब होतो.

प्रत्येक मुष्टियोद्ध्याच्या किमान तीन पूर्ण लढती हाताशी असाव्यात : एक एकतर्फी विजय, एक कसाबसा मिळालेला विजय, आणि एक पराभव किंवा पराभवाच्या अगदी काठावरून परतलेली लढत. निवडक क्षणांच्या चित्रफिती या कामाला पूर्णपणे निरुपयोगी आहेत, कारण त्यांत ठोसे दिसतात, पण ठोसा बसण्याआधीची दोन मिनिटे दिसत नाहीत, आणि लढतीचा खरा हिशेब त्या दोन मिनिटांत असतो.

शेवटची तयारी चमत्कारिक वाटेल, पण ती टाळू नये. कोण जिंकेल असे मनात आधीच ठरलेले असते. ते एका चिठ्ठीवर लिहून, घडी घालून वहीच्या शेवटच्या पानात ठेवावे. चिठ्ठी उघडायची ती आठव्या टप्प्यानंतर.

सावधान : सोबत बसणारा माणूस आपल्याच मताचा असेल, तर त्या संध्याकाळी भडंग खाऊन घरी जावे. विरुद्ध बाजू घेणारा कोणी नसताना मांडलेली जोड आम्ही वहीत धरत नाही.

## टप्पा १ : नाव नव्हे, तारीख लिहावी

"अली" असे नुसते नाव लिहिणे ही सर्वांत जास्त वेळा होणारी चूक आहे. नोव्हेंबर १९६६ मध्ये क्लीव्हलँड विल्यम्सला तीन फेऱ्यांत संपवणारा अली पायांवर तरंगत होता. सैन्यात भरती होण्यास नकार दिल्यामुळे १९६७ पासून १९७० च्या ऑक्टोबरपर्यंत तो रिंगबाहेर राहिला. ३० ऑक्टोबर १९७४ रोजी किन्शासात जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडणारा अली दोरांना टेकून मार सोसणारा होता. ऑक्टोबर १९८० मध्ये लॅरी होम्सकडून हरलेला अली ३८ वर्षांचा होता. या तिघांना एकच माणूस समजून लावलेली कोणतीही जोड पहिल्याच ओळीत बाद होते. फोरमनचेही तसेच : १९७३ चा फोरमन आणि नोव्हेंबर १९९४ मध्ये वयाच्या ४५ व्या वर्षी मायकेल मूररला पाडून पुन्हा जगज्जेता झालेला फोरमन यांच्यात वजन, वेग, संयम यांपैकी काहीही सारखे नाही.

तारीख दोन प्रकारे लिहावी. शरीराच्या मोजमापासाठी एक नेमकी रात्र, आणि पुराव्यासाठी दोन-तीन वर्षांचा पट्टा. लुईसाठी आम्ही २२ जून १९३८ ही रात्र धरली, ज्या रात्री त्याने मॅक्स श्मेलिंगला १२४ सेकंदांत हरवले. परंतु १२४ सेकंदांतून दमाचा किंवा अडचणीत सुचणाऱ्या प्रतिडावाचा काहीच पुरावा मिळत नाही, म्हणून पट्टा जून १९४१ पर्यंत घेतला. उसिकसाठी १८ मे २०२४ ही रियाधची रात्र, ज्या रात्री त्याने टायसन फ्युरीला हरवले, आणि अँथनी जोशुआविरुद्धच्या सप्टेंबर २०२१ मधील पहिल्या लढतीपासून डिसेंबर २०२४ मधील फ्युरीविरुद्धच्या दुसऱ्या लढतीपर्यंतचा पट्टा.

पडताळणी : दोघांच्या रात्री एकाच दर्जाच्या आहेत का? एका बाजूला १९८८ मध्ये मायकेल स्पिंक्सला ९१ सेकंदांत संपवणारा टायसन आणि दुसऱ्या बाजूला थकलेला, ओसरलेला प्रतिस्पर्धी, अशी मांडणी झाली असेल तर ती सरळ फाडावी. टायसनचीच दुसरी रात्र, म्हणजे ११ फेब्रुवारी १९९० ची टोकियोतील, घेतली तर तो बस्टर डग्लसकडून दहाव्या फेरीत पडलेला आहे.

## टप्पा २ : मातीवर की गादीवर?

महाराष्ट्र केसरीच्या अंतिम कुस्तीत माती विभागाचा विजेता आणि गादी विभागाचा विजेता समोरासमोर येतात, आणि त्यापूर्वी कोणत्या पृष्ठभागावर लढायचे हे ठरलेले असते. बॉक्सिंगच्या काल्पनिक जोडीत हे आपल्यालाच ठरवावे लागते. ते शरीर आणि शैलीच्या आधी ठरवावे लागते, कारण शैली पाहून झाल्यावर नियम ठरवायला बसलेला माणूस नकळत आपल्या माणसाच्या सोयीचे नियम निवडतो.

सर्वांत मोठा प्रश्न फेऱ्यांचा आहे. जगज्जेतेपदाच्या लढती दीर्घ काळ १५ फेऱ्यांच्या होत्या. नोव्हेंबर १९८२ मध्ये रे मॅन्सिनीविरुद्ध चौदाव्या फेरीत कोसळलेला कोरियन मुष्टियोद्धा किम दुक-कू काही दिवसांनी मरण पावला. त्यानंतर एका जागतिक संघटनेने १९८३ पासून १२ फेऱ्या केल्या आणि दशक संपण्याच्या आत इतरांनीही तेच केले. तीन फेऱ्यांचा हा फरक किरकोळ वाटत असल्यास दोन प्रत्यक्ष लढती पाहाव्यात.

१८ जून १९४१ रोजी न्यू यॉर्कमध्ये बिली कॉन नावाचा, लुईपेक्षा सुमारे २५ पौंडांनी हलका माणूस बाराव्या फेरीअखेर गुण देणाऱ्या तिघांपैकी दोघांच्या गुणपत्रकांवर पुढे होता आणि तिसऱ्याच्या गुणपत्रकावर बरोबरीत होता. तेराव्या फेरीत तो लुईला नॉकआउट करण्याच्या नादात पुढे सरसावला आणि फेरी संपायला दोन सेकंद असताना दहापर्यंत मोजून बाद ठरला. पुढे २३ सप्टेंबर १९५२ रोजी फिलाडेल्फियात जर्सी जो वॉलकॉट तिन्ही गुणपत्रकांवर पुढे असताना तेराव्याच फेरीत रॉकी मार्सियानोच्या उजव्या ठोशाने कोसळला. आजच्या १२ फेऱ्यांच्या नियमाने लुई त्या रात्री हरतो आणि मार्सियानो त्या रात्री जगज्जेता होत नाही. त्याच्या ४९ विजयांच्या निष्कलंक विक्रमाचा अभिमान बाळगणाऱ्यांनी हा हिशेब एकदा करून पाहावा.

येथे एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो योग्य आहे : लढत १२ फेऱ्यांची आहे हे माहीत असते, तर लुईने आधीच जोर केला असता आणि कॉननेही वेगळा विचार केला असता. म्हणून जुन्या लढतीची शेवटची पाने फाडून ती १२ फेऱ्यांची झाली असे मानू नये. फक्त एवढे नोंदवावे, की या माणसाला काम पुरे करण्यासाठी वेळ लागत असे.

बाकीचे नियम थोडक्यात ठरवता येतात. आज हेवीवेटचे हातमोजे १० औंसांचे असतात. लुईच्या काळात ते याहून हलके होते, आणि हलक्या मोज्यांत ठोशाची धार व हाताला दुखापत होण्याचा धोका दोन्ही वाढतात. पडलेल्या माणसाला उठल्यावरही पंचाने आठपर्यंत मोजायची सक्ती पूर्वी नव्हती. ४ जुलै १९१९ रोजी डेम्प्सीने जेस विलार्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडले, तेव्हा तो दूरच्या कोपऱ्यात न जाता उठणाऱ्या विलार्डच्या डोक्यावरच उभा राहत होता, आणि त्या वेळी ते नियमात बसत होते. आजच्या नियमांत ती फेरी तशी झालीच नसती. पंच लढत किती लवकर थांबवतो, रिंग १८ फुटांची की २० ची, हेही एकेका ओळीत लिहून मोकळे व्हावे. लहान रिंगमध्ये पळणाऱ्याचे नुकसान आणि अंगावर येणाऱ्याचा फायदा आहे.

लुई–उसिकसाठी आम्ही एकाऐवजी दोन लढती मांडल्या : पहिली आजच्या नियमांनी १२ फेऱ्यांची, दुसरी १९३८ च्या नियमांनी १५ फेऱ्यांची. कोणत्याही जोडीत शंका असेल तेव्हा हाच मार्ग घ्यावा.

पडताळणी : नियमांचा रकाना भरून झाल्यावर वही विरुद्ध बाजूच्या माणसाकडे द्यावी आणि त्याची सही घ्यावी. यानंतर नियमांना हात लावायचा नाही.

## टप्पा ३ : "जसा होता तसा" की "आज जन्मला असता तर"

उंची, हाताचा पल्ला आणि त्या रात्रीचे वजन लिहिण्याआधी एक निर्णय घ्यावा लागतो, आणि तो न घेतल्यामुळे निम्मी भांडणे होतात. एक माणूस १९३८ चा लुई जसाच्या तसा उचलून रिंगमध्ये आणत असतो. दुसरा त्याला आजचा आहार, आजचा व्यायाम आणि १५ किलो अधिक स्नायू देऊन आणत असतो. हे दोन वेगळे प्रश्न आहेत. गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी १९५२ मध्ये हेलसिंकीला कांस्यपदक मिळवले ते बँटमवेट गटात. त्यांना आजच्या सोयी दिल्या तर काय झाले असते, हा विचार आपण करू शकतो, पण त्यांना चार गट वर चढवून कोणी लढवत नाही. मुष्टियोद्ध्यांच्या बाबतीत मात्र हे सर्रास केले जाते. आमचा नियम असा, की माणूस जसा होता तसाच आणायचा. कल्पनेने वाढवलेले वजन पायांचा वेग आणि दम यांचे काय करील, याचा अंदाज कोणालाच बांधता येत नाही.

आता आकडे. लुई ६ फूट २ इंचांच्या जवळपास, पल्ला ७६ इंच, त्या रात्रीचे वजन १९८ पौंडांच्या थोडे वर, म्हणजे सुमारे ९० किलो. उसिक ६ फूट ३ इंच, पल्ला ७८ इंच, रियाधमधील वजन २२३ पौंडांच्या थोडे वर, म्हणजे १०१ किलो. उंची आणि पल्ल्यातला फरक दुर्लक्ष करण्याजोगा आहे. ११ किलोंचा फरक नाही.

क्रूझरवेट हा हेवीवेटच्या लगेच खालचा गट १९७९-८० च्या सुमारास सुरू झाला आणि आज त्याची मर्यादा २०० पौंड आहे. याचा अर्थ १८७ पौंडांचा डेम्प्सी, १८४ पौंडांचा मार्सियानो आणि आपला लुईसुद्धा आजच्या तराजूवर हेवीवेट ठरत नाहीत. उसिक स्वतः २०१८ मध्ये याच गटाचा निर्विवाद जगज्जेता होता. त्यामुळे या जोडीला एक सुंदर कसोटी आपोआप मिळते : मांडणी पूर्ण झाल्यावर २०२४ चा उसिक काढून २०१८ चा, २०० पौंडांचा उसिक ठेवून पाहायचा. निकाल तेवढ्याने फिरला, तर आपण कौशल्याची नव्हे, वजनाची तुलना करत होतो असे समजावे.

सावधान : "मोठा माणूस जिंकतो" हा नियम नाही. लुईने १९३५ मध्ये २६० पौंडांच्या प्रिमो कार्नेराला सहा फेऱ्यांत संपवले होते. उलट बाजूने, "लहान माणूस चपळ असतो" हाही नियम नाही. मोठ्या प्रतिस्पर्ध्याचा पुरावा पाहताना तो नुसता मोठा होता की मोठा असून कुशल होता, हे वेगळे लिहावे. कार्नेरा पहिल्या प्रकारातला, ६ फूट ९ इंचांचा टायसन फ्युरी दुसऱ्या.

## टप्पा ४ : पूर्ण लढत पाहणे, आणि चित्रफितीचा वेग तपासणे

प्रत्येक लढत दोनदा पाहावी. पहिल्यांदा आवाज बंद करून फक्त पाय पाहावेत. समालोचक ज्याचे नाव घेतो तोच मारतो आहे असे कानाला वाटत राहते. दुसऱ्यांदा, ठोसा मारल्यानंतर हात कोठे परत येतो ते पाहावे. लुईचा डावा हात जॅब (पुढच्या हाताचा झटपट सरळ ठोसा) मारून परतताना खाली येतो, हे श्मेलिंगने १९३६ मध्ये नेमके हेरले आणि त्यावरून उजवा ठोसा टाकत त्याला बाराव्या फेरीत हरवले. असे एक निरीक्षण पन्नास विशेषणांना भारी असते.

येथे माझीच एक चूक सांगतो. डेम्प्सीइतका वेगवान हेवीवेट नंतर झालाच नाही, असे मी बैठकीत बरीच वर्षे ठासून सांगत असे, आणि पुरावा म्हणून १९१९ च्या लढतीची चित्रफीत दाखवत असे. एका तरुणाने शांतपणे पडद्यावरच्या प्रेक्षकांकडे बोट दाखवले : टोप्या हलवणारी माणसेही तितक्याच झपाट्याने हालत होती. मूकपटांच्या काळात कॅमेरा हाताने फिरवत, दर सेकंदाला चित्रे कमी घेतली जात, आणि तीच फीत नंतरच्या २४ चित्रांच्या गतीने चालवली की सगळे जग धावू लागते. वेग दुरुस्त केलेली फीत मिळवावी. न मिळाल्यास प्लेअरमध्ये गती कमी करून, पंचाची चाल माणसासारखी दिसेपर्यंत खाली आणावी. लुईच्या लढती बोलपटाच्या काळातील असल्याने येथे ही अडचण नाही.

पडताळणी : पानावर "जबरदस्त", "विजेसारखा", "पोलादी" असे शब्द आले असतील तर ते खोडावेत आणि त्या जागी कोणता हात, कोणत्या फेरीत, कशानंतर, हे लिहावे. तसे लिहिता येत नसेल तर ती लढत नीट पाहिलेली नाही.

## टप्पा ५ : विक्रम वाचणे

विजय-पराभवाचा आकडा हा शेवटी पाहण्याचा भाग आहे, पहिल्यांदा नव्हे. आकड्यामागे तीन गोष्टी शोधाव्यात.

पहिली, प्रतिस्पर्ध्याचे त्या दिवशीचे वय. मार्सियानोने ऑक्टोबर १९५१ मध्ये हरवलेला लुई ३७ वर्षांचा आणि पुनरागमनात पैशासाठी लढणारा होता. त्या विजयावरून मार्सियानो १९३८ च्या लुईलाही हरवतो असे म्हणणे म्हणजे म्हाताऱ्या वस्तादाला पाडून त्याच्या ऐन तारुण्यावर हक्क सांगणे होय.

दुसरी, कोणाशी लढू दिले गेले नाही. १९१५ मध्ये कृष्णवर्णीय जगज्जेता जॅक जॉन्सन हरल्यापासून १९३७ मध्ये लुई जिंकेपर्यंत एकाही कृष्णवर्णीय मुष्टियोद्ध्याला हेवीवेट जगज्जेतेपदासाठी लढण्याची संधी मिळाली नाही. डेम्प्सीच्या विक्रमात कृष्णवर्णीय हॅरी विल्सचे नाव नाही ते याच भिंतीमुळे. त्या काळातील कोणत्याही विजेत्याच्या पानावर ही अनुपस्थिती लिहिलीच पाहिजे.

तिसरी, लढतींची वारंवारता. लुईने एकट्या १९४१ मध्ये सात वेळा जगज्जेतेपद राखले. उसिक आपल्या पट्ट्यात साधारण वर्षाला एकदा लढतो. लुईच्या काही रात्री दोन लढतींमधल्या तीन-चार आठवड्यांच्या विश्रांतीवर उभ्या आहेत, उसिकच्या सर्व रात्री महिनोन्महिन्यांच्या तयारीवर. दोघांना समान तयारी द्यायची असे ठरवल्यास तसे दुसऱ्या टप्प्याच्या पानावरच लिहिलेले असायला हवे होते. आमचे ते राहिले, म्हणून आम्ही पान पुन्हा लिहून पुन्हा सही घेतली.

## टप्पा ६ : शैलींचा मेळ

"क ने ख ला हरवले, ख ने ग ला हरवले, म्हणून क हा ग ला हरवेल" हा हिशेब बॉक्सिंगमध्ये चालत नाही, आणि याचा पुरावा एकाच पिढीत मिळतो. केन नॉर्टनने मार्च १९७३ मध्ये अलीचा जबडा मोडून त्याला हरवले. जो फ्रेझरने त्याला १९७१ मध्येच हरवले होते. फोरमनने या दोघांनाही प्रत्येकी दोन फेऱ्यांत संपवले. फ्रेझर तर सहा वेळा पडला. या साखळीने फोरमनने अलीला चिरडायला हवे होते. किन्शासात झाले ते उलटे. फ्रेझर आणि नॉर्टन पुढे येत होते आणि पुढे येणारा माणूस फोरमनला हवाच होता. अली पुढे आला नाही.

म्हणून पानावर "कोण श्रेष्ठ" असे न लिहिता, एकाची सवय दुसऱ्याच्या कोणत्या सवयीला भिडते, ते लिहावे. लुई–उसिकमध्ये आम्ही सर्वांत जास्त वेळ येथेच घालवला.

उसिक डावखुरा आहे. हेवीवेटमध्ये पहिला डावखुरा जगज्जेता १९९४ मध्ये झाला, तो मायकेल मूरर. यावरून लुईच्या काळात अशा पवित्र्याशी लढण्याचा सराव किती कमी असेल, हे समजावे. उजवखुरा आणि डावखुरा समोरासमोर आले की दोघांचे पुढचे पाय एकमेकांना अडतात, आणि ज्याचा पाय बाहेरच्या बाजूला पडतो त्याच्या मागच्या हाताला सरळ वाट मिळते. उसिक सतत लुईच्या डाव्या पायाच्या बाहेर सरकणार, म्हणजे लुईच्या उजव्या हातापासून दूर जाणार. लुईचे सगळे बांधकाम डाव्या जॅबवर आहे, आणि पुढचे दोन्ही हात एकाच रेषेत आल्याने नेमका तो जॅब अडखळणार. त्यातच सतत फिरणाऱ्या माणसांनी लुईला छळलेले आहे. कॉन हा त्याचा पुरावा पट्ट्यातला आहे, आणि डिसेंबर १९४७ मध्ये त्याला दोनदा पाडूनही निसटत्या गुणांनी हरलेला वॉलकॉट ठरवलेल्या वर्षांच्या पट्ट्याबाहेरचा, म्हणून तो पुरावा कमी महत्त्वाचा.

आता दुसरे पान. उसिक लुईच्या उजव्या हातापासून दूर जातो, म्हणजे त्याच्या डाव्या हुककडे (बाजूने वळवून मारलेल्या ठोशाकडे) जातो, आणि लुईचा डावा हुक आखूड व जोरकस होता. त्याशिवाय लुई शरीरावर मारत असे. १९३८ मध्ये त्याच्या ठोशाने श्मेलिंगच्या मणक्याजवळचे हाड मोडले. ऑगस्ट २०२३ मध्ये डॅनियल ड्युबॉइसचा कमरपट्ट्याच्या रेषेवरचा ठोसा बसल्यावर उसिक बराच वेळ उठला नव्हता. पंचाने तो ठोसा कमरपट्ट्याखालचा, म्हणजे नियमबाह्य ठरवला, त्यामुळे त्यावरून उसिकचे पोट कच्चे आहे असा निष्कर्ष काढणे चूक आहे. लुई तेथे हात घालून पाहील, एवढेच म्हणता येते.

सावधान : "मग तो सवय बदलेल" हे वाक्य दोन्ही बाजूंना मिळून एकदाच वापरू द्यावे. ते मोकळे सोडले की दोघेही परिपूर्ण होतात आणि लढत उरत नाही.

## टप्पा ७ : फेरी-फेरीने लिहिणे

येथपर्यंत आलेला माणूस निकाल सांगायला उतावीळ झालेला असतो. त्याने आधी तीन तुकडे लिहावेत : सुरुवातीची खडाखडी, मधल्या फेऱ्या, आणि शेवट. प्रत्येक तुकड्यात कोण काय करू पाहतो आणि समोरचा ते कशाने मोडतो, एवढेच लिहावे. प्रत्येक वाक्याला आधीच्या सहा टप्प्यांतील एखादी नोंद आधार म्हणून असावी.

आमची मांडणी थोडक्यात अशी. पहिल्या चार फेऱ्यांत लुईचा जॅब लागत नाही आणि उसिक गुण घेतो. लुई घाई करत नाही. पाच ते नऊ या फेऱ्यांत लुई जॅब सोडून शरीरावर आणि डाव्या हुककडे वळतो, आणि उसिकला पहिल्यांदा दोरांजवळ थांबावे लागते. रियाधमध्येही मधल्या फेऱ्यांत फ्युरीने त्याला शरीरावरच्या ठोशांनी आणि अपरकटने (खालून वर येणाऱ्या ठोशाने) हैराण केले होते, आणि तरीही नवव्या फेरीत त्याच उसिकने फ्युरीला दोरांवर झोकांडे खायला लावून पंचाला मोजायला भाग पाडले. म्हणून दहाव्या फेरीनंतर उसिक दमेल असे लिहिण्याचा अधिकार आम्हाला नाही. बाराव्या फेरीअखेर तो गुणांवर पुढे आहे.

१५ फेऱ्यांच्या लढतीत याच जागी आणखी नऊ मिनिटे उरतात. उसिकचा दम तोपर्यंत टिकणार नाही असे नव्हे. पण व्यावसायिक लढतीत तेरावी फेरी त्याने कधी पाहिलेली नाही, आणि मागे पडलेल्या लुईला, हलक्या मोज्यांत, एका चुकीची वाट पाहण्यासाठी नऊ मिनिटे जास्त मिळतात. कॉनची चूक त्याच नऊ मिनिटांत झाली होती.

## टप्पा ८ : निकाल लिहिणे

"लुई जिंकेल" असा निकाल लिहू नये. दहा वेळा ही लढत झाली तर किती वेळा, असे लिहावे. आकडा दहाला दहा येत असेल तर जोडच चुकीची लावली आहे किंवा एका पानाची माहिती अर्धवट आहे.

संगणकाने दिलेला निकाल पुरावा म्हणून चिकटवू नये. १९६९ मध्ये मार्सियानो आणि अली यांना समोरासमोर उभे करून संगणकाच्या नावाने एक लढत चित्रित केली गेली, आणि जानेवारी १९७० मध्ये ती दाखवली गेली. अमेरिकेत दाखवलेल्या शेवटात मार्सियानोने तेराव्या फेरीत नॉकआउट केला; युरोपातील प्रेक्षकांना दाखवलेल्या शेवटात अली जिंकला. मोबाइलवरच्या खेळातील गुणांकनही कोणीतरी माणसानेच भरलेले असते, आणि त्याने तारीख लिहिली होती का, हे आपल्याला दिसत नाही.

आमच्या वहीत लुई–उसिकच्या पानाखाली असे लिहिले आहे : आजच्या नियमांनी उसिक दहापैकी सहा, बहुतेक गुणांवर, १९३८ च्या नियमांनी लुई दहापैकी सहा, बहुतेक दहाव्या फेरीनंतर नॉकआउटने, २०१८ चा, २०० पौंडांचा उसिक ठेवल्यास दोन्ही लढतींत लुईला एकेक विजय वाढीव. निकाल वजनाने थोडा हलतो आणि फेऱ्यांनी उलटतो, म्हणजे या जोडीत दुसरा टप्पा तिसऱ्यापेक्षा जड आहे.

त्याखाली एक ओळ सक्तीची : कोणती नोंद खोटी ठरली तर मी निकाल बदलेन? माझी ओळ अशी आहे, की डावखुऱ्याविरुद्धची लुईची एखादी पूर्ण लढत पाहायला मिळाली आणि तीत त्याचा जॅब सहज लागताना दिसला, तर १२ फेऱ्यांचा निकाल मी फिरवीन. यानंतर शेवटच्या पानातील चिठ्ठी काढावी. माझ्या चिठ्ठीवर नुसते "लुई" असे लिहिलेले होते, तारखेशिवाय.